ताट तेच राहू द्या

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक समाजात मधुमेह जास्त का, याचं एक तयार उत्तर नेहमी ऐकू येतं. त्यांचं खाणंच तसं, त्यांचं रक्तच तसं. वस्तीत वजन कमी करण्याचे वर्ग भरवून काय होणार, गोळी द्या. हे मत मला साफ अमान्य आहे.

गोळीचा हिशेब २००२ सालीच झाला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक अमेरिकनांवरच्या चाचणीत मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं ध्येय दिलेल्यांत ते ५८ टक्क्यांनी घटलं. हिस्पॅनिकांनाही इतरांसारखाच लाभ झाला. रक्तात धोका असेलही, पण उपाय त्यांना लागू पडत नाही हे म्हणणं टिकत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. त्या चाचणीत प्रत्येकामागे स्वतंत्र मार्गदर्शक होता, वस्तीत तो कुठून आणणार? मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या जुन्या गिरणी-शहरात कमी उत्पन्नाच्या ३१२ लॅटिनो रहिवाशांमध्ये अशा वस्तीतल्या कार्यक्रमाची चाचणी झाली, तेव्हा वर्षअखेरीस कार्यक्रमातल्यांचं सरासरी वजन जेमतेम किलोभर उतरलं. टीकाकार हाच आकडा पुढे करतात. पण कार्यक्रमाबाहेर राहिलेल्या गटाचं वजन त्याच वर्षात थोडं वाढलं होतं, हे ते सांगत नाहीत. शिवाय मूळ चाचणीच्या विश्लेषणात दर किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणजे तो एक किलोही क्षुल्लक नाही.

दुसरी चूक सदिच्छेने होते. इंग्रजी पत्रक स्पॅनिशमध्ये छापलं की काम झालं, असं मानलं जातं. लॉरेन्समधल्या डोमिनिकन घरात ताटात भात, बीन्स आणि भाजीच्या केळ्यांचे तळलेले काप असतात. त्या घरातल्या बाईला ओटमील आणि सॅलड लिहून देणं म्हणजे तिला परत पाठवणंच. 'प्रोमोतोरा', म्हणजे त्याच वस्तीतली प्रशिक्षित आरोग्यसेविका, वेगळं बोलते. बीन्स ठेव, भात निम्म्यावर आण, केळी तळण्याऐवजी उकड, गोड शीतपेयाच्या जागी पाणी घे. असं ताट घरातले सगळेच खातात. हा सल्ला पाळता येतो.

मात्र प्रोमोतोरांकडून सेवाभावाच्या नावाखाली फुकट किंवा तुटपुंज्या पैशात काम करून घेणं अन्यायाचं आहे. २०१८ पासून मेडिकेअर अशा कार्यक्रमांचा खर्च देतं, पण ती मुख्यतः पासष्टीपुढच्यांची योजना. चाळिशीतला, दोन पाळ्यांत राबणारा माणूस तिच्या बाहेरच राहतो, आणि प्रतिबंधाची वेळ तर त्याचीच आहे. त्याच्या विम्याने हा खर्च उचलला पाहिजे, वर्ग त्याची पाळी सुटल्यावर भरले पाहिजेत आणि प्रोमोतोराला पूर्ण पगार मिळाला पाहिजे.