मस्साजोगची पहिली फिर्याद

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोग हे गाव आहे. तेथील सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांचा खून करण्यात आला. या खुनाची चर्चा आपल्या हिंगोलीतही झाली. परंतु ती बव्हंशी दोन प्रबळ जातींच्या वैराची चर्चा होती. आपल्यापैकी अनेकांनी तर ‘मोठ्यांच्या भांडणात आपण कशाला पडावे?’ असे म्हणून हात झटकले. ही समजूत चुकीची आहे, इतकेच नव्हे तर ती आपल्या हिताला घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रकरणाचा आरंभ ९ डिसेंबरला नव्हे, तर ६ डिसेंबरला, म्हणजे परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी झाला. त्या दिवशी काही इसम तेथील पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात गेले आणि त्यांनी पहाऱ्यावरील सुरक्षा रक्षकास मारले. हा रक्षक मस्साजोगचाच, दलित समाजातील. त्याच्यासाठी धावून गेले ते सरपंच देशमुख, आणि तीन दिवसांनी त्यांचे प्राण गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रानुसार या खुनाच्या मुळाशी कंपनीकडे मागितलेली २ कोटी रुपयांची खंडणी आहे आणि वाल्मिक कराड हा कटाचा सूत्रधार आहे. कराड हा तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्ती म्हणून सर्वश्रुत होता. मुंडे यांनी ४ मार्च २०२५ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांनी प्रकृतीचे कारण सांगितले, आणि आरोपपत्रात त्यांचे नाव आरोपी म्हणून नाही. कोण दोषी, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. तत्पूर्वी निकाल देणे कायदा मानणाऱ्यास शोभत नाही.

परंतु एक प्रश्न न्यायालयाच्या निकालासाठी थांबत नाही. त्या रक्षकाच्या फिर्यादीचे काय झाले? त्याच्यावरील मारहाणीची नोंद अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली वेळीच घेतली गेली नाही, अशी तक्रार पुढे आली. पुढे मोर्चे निघाले, सभा झाल्या, विधिमंडळ गाजले. मात्र ज्याच्या अंगावर पहिला हात पडला, तो या गदारोळात कोठेच दिसला नाही. भ्रष्टाचार म्हणजे केवळ मंत्रालयात फिरणारा पैसा, असे आपण मानतो. वस्तुतः जेथे गरिबाची फिर्याद माणूस पाहून घेतली किंवा टाळली जाते, तेथेच भ्रष्टाचाराचे पहिले पाऊल पडते. गुंडास एकदा कळले की पहाऱ्यावरील माणसाला मारल्याने काही बिघडत नाही, की मग सरपंचाला मारण्यासही त्याचा हात कचरत नाही.

कायदा याविषयी मुका नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ असे सांगते की, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला जो लोकसेवक फिर्याद नोंदविण्याचे अथवा तिची प्रत देण्याचे कर्तव्य जाणूनबुजून टाळील, त्यास सहा महिने ते एक वर्ष कारावासाची शिक्षा आहे. धर्मांतर केले की या कायद्याचे संरक्षण जाते, अशी भीती नवदीक्षित कुटुंबांना घातली जाते. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम राखला आहे, आणि म्हणून हे संरक्षणही कायम आहे.

फिर्यादीचा पाठपुरावा केल्याने काय साधते, हे आपल्या शेजारच्या परभणीने दाखविले. हिंगोली १९९९ पर्यंत त्याच जिल्ह्यात होती. मस्साजोगच्या खुनाला आठवडाही लोटला नव्हता, तोच १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी हा विधीचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या प्रक्षोभात त्यास अटक झाली होती. पोलिसी छळ झाला नाही, असे सरकारने विधानसभेत सांगितले. परंतु शवचिकित्सेच्या प्राथमिक अहवालात मृत्यूचे कारण अनेक जखमांनी बसलेला आघात असे लिहिले होते. त्याच्या आईने सरकारी मदतीचा धनादेश नाकारला आणि न्यायालयाचे दार ठोठावले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकारची त्याविरुद्धची याचिका ३० जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मुलाच्या मृत्यूचा गुन्हा नोंदविला जावा, एवढ्यासाठी एका मातेला सात महिने लढावे लागले, ही गोष्ट राज्याला भूषणावह आहे काय?

सबब आमचे धम्मबंधू-भगिनींना सांगणे आहे की, अन्याय झाल्यास फिर्याद लेखी द्यावी व तिची प्रत घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये. प्रत विनामूल्य मिळणे हा हक्क आहे. ठाण्यात नकार मिळाल्यास तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. कोठडीत कोणाचा मृत्यू झाल्यास दंडाधिकाऱ्यांची चौकशी व शवचिकित्सेचे चित्रीकरण यांची मागणी पहिल्याच दिवशी करावी. तडजोडीसाठी येणारा मध्यस्थ आपल्या ओळखीचा असो वा आपल्याच पक्षाचा, त्याच्या हातचा पैसा घेऊ नये. न दिलेले घेऊ नये, असे पंचशील सांगते. न्यायाची किंमत म्हणून दिलेले घेणेही त्याच शीलाला बाधक आहे.

राजकारणातील भक्ती ही अधोगतीची वाट आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आपल्या जातीचा पुढारी म्हणून त्याच्या पदरी वावरणाऱ्यांचे अपराध पोटात घालणे, ही त्याच भक्तीची परिणती होय. मस्साजोगचे सरपंच मराठा होते. ते ज्याच्यासाठी धावले तो दलित होता. बंधुता हा शब्द त्यांनी आचरणात आणला. त्यांच्या कुटुंबाच्या न्यायाच्या मागणीत आपण सामील झाले पाहिजे, आणि त्या मागणीत पहिल्या दिवशी मार खाल्लेल्या रक्षकाची फिर्यादही विसरू देता कामा नये.

जय भीम!