रोवणीवाल्या बाईची पाळी

पाळी महिनोन्‌महिने लांबवणारा ‘पीसीओएस’ हा अंडाशयाचा विकार सुखवस्तू शहरी मुलींचा, असा एक सोयीचा समज रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील शंभरांमागे सुमारे १० ते १३ स्त्रियांना तो असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. भंडारा जिल्ह्यात रोवणीला जाणारी किंवा विड्या वळणारी स्त्री या हिशेबातून वगळावी, असे काही कारण दिसत नाही. वैनगंगेच्याच खोऱ्यातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. तीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

पहिली पाळी येऊन तीन वर्षे लोटली, तरी ती ३५ दिवसांहून अधिक लांबते किंवा वर्षात आठ वेळाही येत नाही. जोडीला हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे हटत नाहीत. एवढ्यावरून, थायरॉइडसारखी अन्य कारणे वगळून, निदान करता येते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनुसार अशा वेळी सोनोग्राफीची गरज नाही. किशोरवयीन मुलींत तर या निदानासाठी ती करूच नये. मग ऐन रोवणीत मजुरी बुडवून बाईला शहरातल्या यंत्रापुढे का निजवायचे? त्या यंत्रात दिसणाऱ्या ‘गाठी’ वस्तुतः वाढ अर्धवट राहिलेली बीजपुटके असतात. पण ‘गाठ’ या शब्दाची धास्ती मोठी, आणि धास्तीवर धंदा चालतो.

उपचार महाग नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाच्या संप्रेरकांच्या गोळ्या सरकार कुटुंबनियोजनासाठी वाटतेच; मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे स्वस्त औषध आहे. धानाच्या जिल्ह्यात ‘भात सोडा’ असे सांगणे मात्र पुस्तकी शहाणपण होय. धानानंतर त्याच बांधीत येणारा हरभरा बाजाराऐवजी घरच्या ताटात किती उरतो, हा खरा प्रश्न.

या विकाराने पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. सरकारी मधुमेह-तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होते. विकाराची लक्षणे बहुधा किशोरवयातच दिसू लागतात. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात पाळीच्या अंतराची नोंद व्हावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर तपासली जावी, अशी मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेपुढे लावून धरावी. ही नोंद अर्थातच आशा स्वयंसेविकेकडे येईल. तिला त्याचा स्वतंत्र मोबदला हवा. आणखी एक रकाना फुकटात तिच्या माथी मारला जाऊ नये.