टाके सुकेपर्यंत



गेल्या महिन्यात आमच्या सोनीचं ऑपरेशन झालं. सोनी म्हणजे आमच्याकडे नव्यानं आलेली कुत्री. साधी गावठी, पिवळसर, एक कान मोडलेला. कॉलनीच्या कोपऱ्यावरच वाढली. पावसाळ्यात तिला चार पिल्लं झाली आणि त्यातलं एकही दिवाळीपर्यंत राहिलं नाही. दोन गाडीखाली गेली, एक पावसात गारठलं, चौथ्याचं काय झालं ते कळलंच नाही. नंतर कितीतरी दिवस ती त्या पाइपाच्या तोंडाशी बसून असायची. मुलांनी हट्ट धरला आणि आम्ही तिला घरात घेतलं.

घरात घेतल्यावर पहिला प्रश्न नसबंदीचा आला, आणि सासूबाईंनी तो थेट शास्त्रात नेऊन ठेवला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिलेत, ते आपण पाठशाळेत घोकलेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. "अगं, छेद म्हणजे दुसरं काय? धडधाकट जिवाचा अवयव कापायचा आणि वर दया म्हणायचं?" श्रावकानं जे धंदे करू नयेत त्यातही जनावरं खच्ची करण्याचं काम, निर्लांछन, सांगितलेलंच आहे.

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगते, आजही माझ्याकडे सगळं उत्तर नाही. डॉक्टर पोटातली गाठ काढतात तेव्हा तो छेद नव्हे हे कुणीही मान्य करील, पण सोनी आजारी नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या बाजूला मला ती चार पिल्लं दिसत होती. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते, आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. ती सगळी पिल्लं मी सांभाळणार होते का? नाही. मग ती जायची कुठे? शिवाय नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयात पू होतो, तेव्हा घाईघाईनं तेच ऑपरेशन करावं लागतं, तेही मरणाच्या दारात. बैलाला औताला जुंपायला खच्ची करणं आणि हे, दोन्हींत हेतूचा फरक आहे असं मला वाटतं. तरी मी याला पुण्य म्हणणार नाही. गृहस्थाच्या वाट्याला येणारी ही एक हिंसा आहे, जाणून पत्करलेली. आणि पत्करली की तिची पुढची जबाबदारीही आपलीच.

माझं म्हणणं आहे ते या पुढच्या भागाबद्दल. छेद आहे की नाही यावर आपण तासभर वाद घालतो, आणि ऑपरेशननंतरच्या दहा-चौदा दिवसांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो हे आपल्याला शिकवलंय ना? मग जखम उघडी पडू देणं हा प्रमाद नव्हे तर काय?

आमच्याकडे प्रमाद दोनदा झाला आणि दोन्ही वेळा दयेपोटीच झाला.

पहिला ऑपरेशनच्या आधीच. डॉक्टरांनी आदल्या रात्रीपासून खायला काही देऊ नका असं बजावलं होतं. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. सकाळी सहाला सासूबाई उठल्या, सोनी केविलवाणं बघत होती, त्यांनी दूध-भाकरी कुस्करून घातली. "अन्नपाननिरोध मला नको," म्हणाल्या. मला रिकामी ताटली दिसली म्हणून कळलं. तारीख चार दिवस पुढे गेली. पुष्कळ जणी असं काही झालं तर डॉक्टरांना सांगत नाहीत, लाज वाटते किंवा खेप वाया जाईल म्हणून. सांगा हो. तिथं खोटं बोललात तर जीव जाऊ शकतो.

दुसरा माझा. ऑपरेशन नीट झालं, संध्याकाळी ती झिंगतच घरी आली. पहिली रात्र तशी सोपी गेली. जमिनीवरच जाड गोधडी घातली, पायऱ्यांना फळी लावून अडवलं, थोडं पाणी, मग थोडासा मऊ भात. खरा त्रास तो गळ्यातला प्लास्टिकचा कोन. दाराला आपटायची, भांड्यात तोंड जाईना, रात्रभर खडखड. चौथ्या दिवशी मला बघवेना. मी पूजेला बसण्यापूर्वी तो काढला, म्हटलं पाऊण तास तरी मोकळी बसू दे. उठून आले तर खालचा टाका सुटलेला आणि जखम लालभडक. परत दवाखाना, परत सुई, आणि आठवड्याच्या जागी दोन आठवडे कोन.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुम्हाला बघवत नव्हतं म्हणून काढलात, तिच्यासाठी नाही." ते वाक्य मला फार लागलं. खरंच, तो बंध मी माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सोडवला होता. नंतर पाण्याचं भांडं उंच पाटावर ठेवलं तर ती कोनासकट आरामात पिऊ लागली. एवढीशी गोष्ट, चार दिवस सुचली नाही.

जखमेवर हळद-तूप लावू नका. आपल्या सगळ्यांच्या हाताला ती सवय आहे आणि शेजारणी हमखास सुचवतात. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर काहीही नको, पाणीसुद्धा नको; टाके निघेपर्यंत अंघोळ बंद. सकाळ-संध्याकाळ उजेडात नुसतं बघायचं. कडेला थोडी सूज, थोडी लाली चालते. वाढती सूज, पाणी, पू, घाण वास, हिरड्या पांढऱ्या पडणं, दुसऱ्या दिवशीही न खाणं, यातलं काही दिसलं की फोन. आणि कळवळून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही देऊ नका, आपली वेदनाशामकं कुत्र्याला विष ठरू शकतात. तिला बरं वाटायला लागलं की ती उड्या मारते, आणि टाके तेव्हाच तुटतात. म्हणून शी-शूलासुद्धा पट्टा बांधूनच न्यायचं.

रात्रीच्या गोळीवरूनही घरात कुजबुज झाली. गोळी रात्री आठला, तीही खाण्याबरोबर. दिवेलागणीनंतर आमच्या घरात ताट वाढलं जात नाही. पण रात्रिभोजनत्याग मी केलाय, सोनीनं नव्हे. आपलं व्रत मुक्या जिवावर लादून त्याला उपाशीपोटी औषध द्यायचं, हे मला पटत नाही. मी दोन घास दहीभात संध्याकाळीच काढून ठेवायची आणि आठला द्यायची.

खाण्याचं म्हणाल तर एका बाबतीत जैन स्वयंपाकघर कुत्र्याला फार सोयीचं आहे. कांदा-लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मारतात, आणि ते आपल्याकडे येतच नाहीत! बेदाणे मात्र येतात, तेही तितकेच वाईट, तेव्हा शिऱ्यातला प्रेमाचा घास नको. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रं निभत नाही हेही मान्य करूया. शाकाहारी ठेवायचं असेल तर डॉक्टरांना विचारून नीट आखून द्यायला हवं. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

ज्यांच्याकडे नर आहे त्यांचं काम जरा हलकं, पोट उघडावं लागत नाही. पण चाटणं तेच आणि कोनही तोच.

टाके निघाले त्या दिवशी सोनी अंगणात तीन फेऱ्या धावली आणि तुळशीशेजारच्या मातीत लोळली. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्यांचं मत बदललेलं नाही, छेद तो छेदच. पण त्या दोन आठवड्यांत सकाळचं बघणं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. चष्मा लावून, बॅटरी धरून, रोज. पुढच्या चतुर्दशीला त्यांनी उपवास धरला. मीही धरला. कशासाठी ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही. सोनी मात्र दोनदा जेवली.