बावखले बुजवून मुले वाचतील काय?

‘पोरांना पाण्यापासून दूर ठेवा,’ अशी हाकाटी अलीकडे आमच्या वसईत गावोगाव ऐकू येते. घरामागचे बावखल बुजविताना जो तो हेच कारण पुढे करतो. पाणी घाण झाले, डास वाढले, उद्या एखादे लेकरू बुडाले तर जबाबदार कोण? या युक्तिवादाचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आम्ही याच बावखलांच्या काठी वाढलो. केळीचा खांब छातीशी धरून हातपाय मारावयास शिकलो. एके दिवशी थोरल्या भावाने तो खांब हळूच काढून घेतला, तेव्हा आपल्याला पोहता येते हे आम्हांस कळले! गांडूळ कोठल्या ओलीत सापडते, मरळ केव्हा गळ घेते, आभाळ कोणीकडून भरून आले म्हणजे घर गाठावे, हे आम्हांला कोणी वर्गात शिकविले नाही. किनाऱ्यावरचे आमचे कोळी सोबती तिथीवरून भरतीची वेळ सांगत. उधाण कधी आणि भांग कधी, हे त्यांना घड्याळावाचून ठाऊक असे. शाळा सुटल्यावर वाडीला पाणी लावणे, पाट फोडणे आणि बांधणे हे आमचेच काम. दहा वर्षांच्या मुलावर आईबाप विसंबत, म्हणूनच तो विसंबण्याजोगा होई.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पाण्याने तेव्हाही बळी घेतले. आमच्या बहिणींना पोहू न देता धुण्यापाशी बसविले, हा तर अन्यायच होता. परंतु बुडण्यावरचा उपाय पोहणे हा आहे. पाणी नाहीसे करणे हा नव्हे.

आणि पाणी नाहीसे होते तरी कोठे? बावखल म्हणजे निव्वळ खड्डा नव्हे. पूर्वजांनी ती बागायतीसाठी खोदली. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते, आणि भूगर्भातील हे गोडे पाणीच समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आपल्या विहिरींपासून रोखून धरते. ती बुजविली की पाणी आपली वाट घरातून काढते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचा परिसर दिवसचे दिवस पाण्यात होता, हे आपण इतक्यात विसरलो काय? ज्या मुलांच्या काळजीने आपण पाणी बुजविले, त्यांच्याच उंबरठ्याशी पाणी आले, आणि त्यांना पोहता येत नव्हते.

दोष बिल्डरांच्या माथी मारणे सोपे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा उभारला, तेव्हा आपण मोर्चाला गेलो. पुढे आपल्यापैकीच कित्येकांनी भरावाचा ट्रक मागच्या दाराने आत घेतला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घरात आपले परसू येत नाही काय?

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक धर्मग्रामाने येत्या उन्हाळ्यात एक तरी बावखल उपसून स्वच्छ करावे. प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाला, आणि मुलीलाही, त्याच सुट्टीत जाणत्यांच्या देखरेखीखाली पोहावयास शिकवावे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ज्यांचे जीवन सुरू झाले, त्यांनी पाण्याला भिऊन जगावे, हे आम्हांस तरी शोभत नाही.