काचपेटीचा फिल्टर आणि घरातल्या म्हाताऱ्यांची झोप

शेती आणि आरोग्याच्या पानावर शोभेच्या माशांचे काय काम, असे काही वाचक विचारतील. विचारणे रास्तच आहे. पण आपल्या पांढुर्णा-सौसरकडच्या कितीतरी घरांत आता बैठकीच्या खोलीत माशांची काचपेटी दिसते. एखादे साल संत्रा बरा गेला की लेकरे नागपूरहून पेटी आणायला लावतात, आणि बापही हौसेने आणतो. त्याच खोलीत घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पलंग असतो. पेटीचा फिल्टर रात्रंदिवस चालतो. तो जुना होऊन घरघरू लागला म्हणजे भांडण सुरू होते. लेकराला मासे हवेत, आजीला झोप हवी. आमच्याही घरी हेच झाले, आणि त्यात आमचीच चूक निघाली. म्हणून हा विषय घेतला आहे.

आमची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे ५७ लिटर पाणी मावते. त्यात पाच गोल्डफिश होते. एवढ्या पेटीला पाच म्हणजे दाटीच, हे आता कळते. तीन वर्षांनी फिल्टर आवाज करू लागला. आई म्हणे, “रात्रभर कानाशी भुंगा बसल्यासारखा वाटते.” आम्ही मनावर घेतले नाही. मग तिने आपला उपाय आपण केला. सगळे निजले की ती बटन बंद करी आणि पहाटे उठली की सुरू करी. उन्हाळ्याचे दिवस होते. एके दिवशी सकाळी पाहतो तो मासे वर येऊन पाण्याच्या तोंडाशी आ वासताहेत. आईला बोल लागला. तिने काही उत्तर दिले नाही, पण दोन दिवस ती त्या खोलीत निजली नाही.

आमचे मत असे की आईचे काही चुकले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली आवाजाविषयी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत चांगल्या झोपेसाठी निजण्याच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर असू नये असे म्हटले आहे. तीस डेसिबल म्हणजे जवळजवळ कुजबुज. वावरात दिवसभर राबलेला जवान माणूस ढोलताशातही झोपेल. सत्तरीच्या माणसाची झोप सावध असते, एकदा मोडली की पुन्हा लागत नाही, आणि झोप नासली की रक्तदाब, चिडचिड, तोल जाणे हे सगळे मागून येते. तेव्हा घरघरणारा फिल्टर हा आजाराचाच प्रश्न धरावा. “सवय होईल” म्हणून तो टाळू नये.

पण फिल्टर रात्री बंद करणे हा उपाय नव्हे, आणि घाईने नवा आणून जुना फेकणे हा तर मुळीच नव्हे. आम्ही तेच केले. मोठा, जोरदार, नवा कोरा फिल्टर आणला. जुना त्याच्या काळ्या मळकट स्पंजासकट उकिरड्यावर गेला. पेटी स्वच्छ दिसू लागली, आम्ही खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी दुधाळ झाले, मासे पुन्हा वर आले, आणि आठवडा संपायच्या आत तीन मेले. नातवाने ते संत्र्याच्या झाडाखाली पुरले.

कारण कळले तेव्हा लाज वाटली, कारण ते शेतकऱ्याला ठाऊक असलेलेच कारण होते. आपण वावरात युरिया टाकतो. त्याचा आधी अमोनिया होतो, मग मातीतले सूक्ष्म जीव त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि ते पीक उचलते. हे काम करणारे जीव विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली वेगळे काढून दाखवले. माशांच्या पेटीत युरिया टाकावा लागत नाही. मासे कल्ल्यांवाटे स्वतःच अमोनिया सोडतात, आणि विष्ठा व उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. अमोनिया माशांना विष आहे, नायट्राइटही विष आहे. नायट्रेट मात्र थोडेफार असले तर चालते, ते पाणी बदलून कमी करता येते. तो जो काळा मळकट स्पंज आम्ही फेकला, त्याच्यावर हेच जीव वस्ती करून होते. नवा स्पंज म्हणजे विरजणावाचूनचे दूध. त्यात ही वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्तच जहाल होतो. तेवढे दिवस मासे विषात पोहत राहतात.

हे जीव हवेवर जगतात. फिल्टर रात्रभर बंद राहिला की पाणी हलत नाही, हवा मिळत नाही आणि माशांबरोबर त्यांचीही उपासमार होते. त्यातही उन्हाळा वाईट. पाणी २० अंशांवर असले तर लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरते, ३० अंशांवर साडेसातच. मे महिन्यात आपल्या खोलीतले पाणी किती तापते ते सांगायला नको.

आता नवा घ्यायचा तर कोणता? दुकानात तीन-चार प्रकार दाखवतात. पाण्यात बुडणारा विजेचा फिल्टर असतो. त्यात विहिरीवरच्या मोनोब्लॉकसारखाच, पण बोटाएवढा, इंपेलर फिरतो. नवा असताना तो जवळजवळ मुका असतो. त्याच्यात वाळूचा कण अडकला, दांडी झिजली किंवा जड पाण्याचा पांढरा थर बसला की खडखड सुरू. पेटीच्या काठावर टांगायचा धबधब्याचा फिल्टर दिसायला छान, पण उन्हाळ्यात पाणी दोन बोटे आटले की रात्रभर नळ वाहत असल्यासारखा आवाज येतो. पेटीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर सगळ्यांत शांत, हे कबूल केले पाहिजे. तो महाग असतो, पण आमची हरकत दुसरीच आहे. वीज चार-सहा तास गेली तर त्या बंद डब्यातले पाणी हवेवाचून कुजते, आणि वीज आली की तीच घाण पेटीत जाते. असा फिल्टर ज्यांच्याकडे आहे त्यांनी वीज बराच वेळ गेल्यावर आधी डब्यातले पाणी ओतून द्यावे, मगच सुरू करावा. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा कोणी द्यावा!

आमच्या मते आपल्या घरांना चौथा प्रकार बरा: साधा स्पंज फिल्टर आणि त्याला हवा देणारा छोटा पंप. दुकानदार तो शेवटी दाखवतो, कारण त्यात त्याला फारसे मिळत नाही. कमी पाण्याच्या बोअरवर कॉम्प्रेसर बसवतात तसलेच हे यंत्र. नळीतून हवा खाली जाते, बुडबुडे वर येताना पाणी ओढून आणतात, आणि ते पाणी स्पंजातून गाळून येते. पाण्यात फिरणारा भाग एकही नाही, म्हणून झिजणे नाही, अडकणे नाही. वीज गेली तरी स्पंज उघड्या पाण्यातच असतो, आणि सेलवर चालणारा हवेचा पंप मिळतो तो तेवढ्यापुरता लावता येतो. तीन वॅटचा पंप वर्षभर रात्रंदिवस चालला तरी २६ युनिटच्या आसपास वीज खातो. तेव्हा बिलाच्या भीतीनेही तो बंद करू नये.

“पण हवेचा पंपच तर जास्त घरघरतो!” असे म्हणाल. खरे आहे, आणि मुख्य गोष्ट इथेच आहे. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, पंपातला चुंबक त्या तालावर थरथरतो आणि रबरी पडदा हवा ढकलतो. पंपाचा स्वतःचा आवाज थोडा असतो. तो ज्यावर ठेवला ते टिनाचे कपाट किंवा फळी ढोलकीसारखी वाजते. पंप हातात उचलून पाहा. आवाज निम्म्यावर आला तर दोष पंपाचा नाही, जागेचा आहे, आणि नवा काही घ्यायचीही गरज नाही. खिळ्याला जाड सुतळी बांधून पंप अधांतरी लोंबता ठेवावा, भिंतीला टेकू देऊ नये. टांगणे जमत नसेल तर खाली फोमचा जाड तुकडा द्यावा. जागा मात्र पेटीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर हवी. खाली ठेवलात तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरेल. तरीही बोअरच्या पाइपला असतो तसा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नळीत बसवावाच. तो अगदी स्वस्तात मिळतो.

टांगूनही आवाज कमी होत नसेल तर बुडबुड्याचा दगड तपासावा. जड पाण्याने त्याची भोके बुजली की पंपाला दम लागतो आणि तो कण्हू लागतो. दगड बदलावा. पंप जुना असेल तर रबरी पडदा बदलून मिळतो. विजेच्या फिल्टरच्या इंपेलरवर थर असेल तर तो काढून लिंबाच्या रसात घटकाभर ठेवावा आणि साध्या पाण्याने नीट धुवावा. एवढे केल्यावर कित्येक “बिघडलेले” फिल्टर गप्प होतात. नवा विकत घेताना दुकानात तो चालू करून दाखवायला सांगावे, पण बाजाराच्या गजबजीत काही ऐकू येत नाही. पंप हातात धरून थरथर किती आहे ते बोटांनी पाहावे.

नवा आणलाच तर पहिल्या दिवसापासून जुन्याच्या शेजारी लावावा आणि दोन्ही सहा आठवडे एकत्र चालू ठेवावेत. जुन्याचा आवाज तोवर सोसवत नसेल तर त्याचा स्पंज काढून नव्याच्या स्पंजाला बांधून ठेवावा. विरजण लागते. त्या दिवसांत खाद्य निम्मे द्यावे. स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, हलक्या हाताने दाबून. नगरपालिकेच्या नळाखाली धुतला तर त्यातल्या क्लोरीनने सगळी वस्ती साफ होते. आणि पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढावेत, हे मोटारपंपाशी रोज खेळणाऱ्यालाही सांगावे लागते.

आणखी एक धोका खास आपल्या घरांतला आहे. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. संत्र्यावर किंवा पऱ्हाटीवर मारायची औषधे, फवारा पंप, औषधाने भिजलेले कपडे त्याच खोलीत असतील तर ती वाफही पाण्यात जाते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, अगदी थोडीही पुरते. रात्री लावतो त्या मच्छर अगरबत्तीत आणि बाटलीच्या औषधातही त्याच जातीची द्रव्ये असतात. पेटीच्या खोलीत मच्छरदाणी बांधावी. फवाऱ्याचे सामान राहत्या घरात नकोच, मासे असोत वा नसोत. जिथे माशाला श्वास घेता येत नाही तिथे तान्हे लेकरूही निजलेले असते.

आमच्याकडे आता स्पंज फिल्टर आहे. पंप खिडकीच्या चौकटीला सुतळीने लोंबतो, मासे दोनच ठेवले आहेत. बुडबुड्यांचा मंद आवाज येतो, तो अगदी गेला नाही. आईला आम्ही विचारले, त्रास होतो का? ती म्हणाली, आवाज थांबला की जाग येते, मग समजते लाईट गेली. सेलचा पंप तिच्या उशाशीच ठेवला आहे. रात्री-अपरात्री तो तीच लावते.