जंतूंचं शिक्षण आणि चायना ग्रास

शिरूर आणि दौंडहून आलेली दोन पत्रं आज एकत्रच घेते. शिरूरच्या ताईंची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, आता विद्यापीठात एम.एस्सी. करायचं म्हणते. पण घरात मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं, "पोरीनं दिवसभर जंतू कसले बघायचे? एखादा रोग घेऊन यायची घरी!" त्यातच नात्यातलं स्थळ चालून आलंय. दौंडच्या वहिनींचं हेच शिक्षण लग्नामुळे पदवीवर थांबलं. मुलगा आता शाळेत जातो. नोकरी बघू की पुढे शिकू, असं त्या विचारतात.

आधी जाऊबाईंकडे वळू. रोज रात्री कोमट दुधाला विरजण लावणारी बाई जंतूच वाढवत असते. इडलीचं पीठ फुगतं तेही त्यांच्यामुळे. गंमत अशी, की पीठ फुगवणाऱ्या जंतूंपैकी ल्युकोनोस्टॉक नावाचा एक जंतू तोडून पडलेल्या उसात शिरला, तर रस बुळबुळीत करतो आणि साखर नीट धरत नाही. दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात हे ज्ञान काही वायफळ नव्हे.

आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवतात कशावर, ठाऊक आहे? चायना ग्रासवर! हो, जेली करायला आपण वाण्याकडून आणतो तोच. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्थर हेस नावाचे डॉक्टर जिलेटिनवर जंतू वाढवत होते. उन्हाळ्यात ते वितळून सगळी मेहनत वाया जाई. त्यांची बायको फॅनी घरी जेली करी, ती मात्र उकाड्यातही घट्ट. नवऱ्यानं कारण विचारलं, तर म्हणाली, मी अगर घालते. जावात राहून आलेल्या एका शेजारणीकडून ती ते शिकली होती. आजही जगभरच्या प्रयोगशाळा अगर वापरतात. कॉख यांनी १८८२च्या लेखात अगरचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही. बायकांना यात नवल वाटणार नाही!

रोगाच्या भीतीबद्दल एवढंच, की वापरलेल्या काचपट्ट्या, बशा तिथे १२१ अंशांच्या वाफेत १५-२० मिनिटं ठेवून मगच धुतात. ते यंत्र म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ. प्रयोगशाळेचा अंगरखा तिथेच सोडायचा आणि हात धुतल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, इतका नियम पाळला म्हणजे झालं.

आता नोकरीचं. पदवी मिळाली की स्वतःची रक्त-लघवी तपासायची लॅब टाकू, असं बरेच पालक धरून चालतात. ते खरं नाही. नुसत्या बी.एस्सी.वर रिपोर्टवर सही करता येत नाही, आणि डी.एम.एल.टी. हा अभ्यासक्रमही वेगळा. मात्र औषधं, दूध, खाद्यपदार्थ जिथे तयार होतात तिथे जंतूंची तपासणी करायला माणसं लागतातच. कुरकुंभ आणि रांजणगाव तुमच्या दाराशी आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पाळीही असते. तेव्हा वहिनी, अर्ज करण्याआधी रात्रपाळी आहे का, गाडी घरापर्यंत सोडते का, कामावर कंपनी घेते की कंत्राटदार, हे तीन प्रश्न विचाराच. पुढे शिकायचं ठरलं, तर बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात हा विभाग आहे. दौंडहून रेल्वेही जाते. आधी तिथे चौकशी करा.

शिरूरच्या ताई, तुमच्या लेकीला मात्र रोज एस.टी.नं पुण्याला पाठवू नका. आज पेरलेले जंतू उद्या ठरल्या वेळी बघावे लागतात, प्रात्यक्षिकं लांबतात, आणि वाघोलीची गर्दी कुणासाठी थांबत नाही. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा. विद्यापीठाच्या विभागासाठी प्रवेश परीक्षा असते, तिची जाहिरात चुकवू नका.

स्थळाचं म्हणाल, तर ते चांगलं असेलही. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीत करोना तपासणीचा संच ज्या चमूनं तयार केला, तिच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले तेव्हा दिवस भरत आलेल्या गरोदर होत्या. संच तपासणीला दिला आणि लगेच मुलगी झाली. म्हणजे संसार आणि हे काम यांचं वैर नाही. पण माणसं सोबत उभी राहावी लागतात. म्हणून मुलाकडच्यांना "शिकू द्याल ना?" असं मोघम विचारू नका. दोन वर्षं ती पुण्यात वसतिगृहात राहील, फी कोण भरेल, परीक्षेच्या दिवसांत घरचं कार्य आलं तर काय, हे यादी करून विचारा. मुलगी समोर बसलेली असतानाच विचारा आणि उत्तर मुलाच्या तोंडून घ्या, मामांच्या नव्हे. थांबायला तयार नसतील, तर प्रवेशाची तारीख आधी गाठा.