नव्या मोटारसायकलीचे सोळा आणे

घरांत नवी वस्तु येते ती सहसा एकटी येत नाहीं. शिवणयंत्र आलें कीं मागोमाग दिवा, कात्र्या आणि रिळांचा डबा येतो. पुस्तकांचें कपाट आलें कीं त्याला कुलूप लागतें. ही मागाहूनची खरेदी मात्र मूळ खरेदीइतक्या विचारानें होत नाहीं. मोठी रक्कम एकदां हातची गेली कीं तिच्यामागून लहान रकमा सहज सुटतात, आणि महिनाअखेर हिशेबाची वही उघडली म्हणजे त्यांची बेरीज पाहून घरांतल्या वडीलधाऱ्यांना अचंबा वाटतो.

नुकतीच नोकरीस लागलेली मुलेंमुली ज्या घरांत आहेत, तेथें हा अनुभव अलीकडे 'स्पोर्ट' जातीच्या मोटारसायकलीच्या निमित्तानें येतो. गाडी दारांत उभी राहून आठवडा लोटत नाहीं तोंच नवा सायलेन्सर, रुंद टायर, रंगीत लिव्हर, झगझगीत दिवे अशी यादी तयार होते. काकांना आवाजाची धास्ती, आजीला जिवाची काळजी आणि आईला खर्चाची! मग वादाला तोंड फुटतें. आणि तो वाद 'घ्यावें कीं न घ्यावें' एवढ्याच मुद्यावर घुटमळतो. वास्तविक 'आधीं काय घ्यावें' हा विचार व्हावयास पाहिजे. यासाठीं दोन्ही पक्षांनीं ठरलेल्या रकमेचे सोळा आणे कल्पून वाटणी करावी, असें आम्ही सुचवितों. आणा चलनांतून जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. पण घरगुती वांटणीस त्याच्याइतकें सोयीचें माप अजून सांपडलेलें नाहीं.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. उदाहरणादाखल यामाहा कंपनीची आर-१५ ही गाडी पाहावी. २००८ सालीं ती आपल्या देशांत प्रथम आली; २०२१ सालीं तिची चौथी आवृत्ति निघाली. इंजिन १५५ घनसेंटिमीटरचें, वजन सुमारें १४२ किलो, चालकाची बैठक जमिनीपासून ८१५ मिलिमीटर उंच. चालक पुढें झुकून बसतो. मागची बैठक त्याहून उंच व अरुंद असते. ब्रेक जोरानें दाबला असतां चाक जागच्या जागीं आवळून घसरूं नये म्हणून जी 'एबीएस' नांवाची योजना आहे, ती दोन्ही चाकांस कारखान्यांतच बसविलेली असते. टायर, ब्रेक, स्प्रिंगा आणि इंजिन हीं सर्व एकमेकांस जुळवून, अनेक वेळां पारखून मगच गाडी बाहेर पडते. तात्पर्य, दुकानांतून निघते वेळीं गाडी पुरी सिद्ध असते; अपुरी तयारी असते ती तिच्यावर बसणाराची. आमच्या सगळ्या वांटणीचा पाया हाच आहे.

पहिले आठ आणे, म्हणजे निम्मी रक्कम, चालकाच्या अंगावर खर्च व्हावी. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांतील रस्त्यांवर अपघातानें १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ५०,०२९ माणसें दुचाकीवर होतीं व त्यांच्या डोक्यास हेल्मेट नव्हतें. हे आंकडे वाचून दचकावें आणि विसरून जावें, असा आपला परिपाठ आहे. पण त्यांमागचें शास्त्र समजून घेतलें तर विसर पडणार नाहीं. वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते. ताशीं ३० किलोमीटरच्या धडकेपेक्षां ६० किलोमीटरची धडक चार पट भारी असते. आणि या जातीच्या गाडीस ६० चा वेग म्हणजे कांहींच नव्हे.

हेल्मेटचा इतिहासहि बोधप्रद आहे. अरबस्तानांतील मोहिमेमुळें प्रसिद्धीस आलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ सालच्या मे महिन्यांत इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यांत आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलीवरून जात होता. सायकलवरील दोन मुलांस चुकवितांना तो फेंकला गेला आणि डोक्यास झालेल्या दुखापतीनें सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणारांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ सालीं हेल्मेटच्या उपयुक्ततेवर निबंध प्रसिद्ध केला. युद्धकाळांत ब्रिटिश सैन्यानें आपल्या स्वारांस हेल्मेट सक्तीचें केलें आणि १९७३ सालीं तेथील नागरिकांसहि तें बंधनकारक झालें. एका माणसाच्या मृत्यूंतून वैद्यानें धडा घेतला. त्याचा लाभ आज आपल्या मुलांस होत आहे.

हेल्मेटचें बाहेरचें कवच आघात पसरवितें. खरें काम मात्र आंतल्या थर्मोकोलसारख्या थराचें. तो थर स्वतः चिरडला जातो व डोकें थांबावयास लागणारा क्षण लांबवितो. एकदां चिरडलेला थर पुन्हां फुगत नाहीं. म्हणून जोराचा आघात झालेलें हेल्मेट वरून कितीहि चांगलें दिसलें तरी टाकून द्यावें. आपल्या घरांत थोरल्याचा कोट धाकट्यास होतो आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. पण दादाचें जुनें हेल्मेट धाकट्यास देण्याची काटकसर मात्र करूं नये. हनुवटीसुद्धां झांकणारें, पूर्ण तोंडाचें हेल्मेट निवडावें. तें गालांस घट्ट बसावें, पट्टा लावून मागून वर ढकललें असतां निघूं नये. १ जून २०२१ पासून आपल्या देशांत दुचाकीचीं हेल्मेटें मानक संस्थेच्या आय.एस. ४१५१ या मानकाप्रमाणें असणें व त्यांवर आय.एस.आय. ची खूण असणें आवश्यक झालें आहे. रस्त्याच्या कडेला मांडलेलीं खुणेवांचूनचीं हेल्मेटें स्वस्त दिसतात, पण त्यांचा उपयोग दंड चुकविण्यापलीकडे नाहीं. रात्रीं काळी कांच वापरूं नये. पावसाळ्यांत कांचेवर वाफ धरूं नये म्हणून आंतून लावावयाचा पातळ पडदा मिळतो, तो जरूर घ्यावा.

त्यानंतर हातमोजे. पडतांना मनुष्य नकळत दोन्ही तळहात पुढें करतो, आणि तळहाताची कातडी खडीच्या रस्त्यावर किती टिकणार? तळव्यास दुहेरी चामडें असलेले मोजे घ्यावेत. घोटा झांकणारे बूट आणि कोपर, खांदा व पाठ यांस संरक्षक पट्ट्या असलेलें जाकीट ही पुढची खरेदी. जाकिटांतील पट्ट्यांवर ई.एन. १६२१ या युरोपीय मानकाचा उल्लेख व पहिली किंवा दुसरी पायरी छापलेली असते. दुसरी अधिक संरक्षक. आपल्याकडील उन्हाळ्यास जाळीचें जाकीट सोसवतें. फार गरम होतें म्हणून खुंटीवर टांगून ठेवलेलें उंची जाकीट काय कामाचें?

पुढचे तीन आणे मागें बसणाऱ्यासाठीं राखून ठेवावेत. हा भाग तरुणांच्या यादींत बहुधा नसतोच. पण एकत्र कुटुंबांतील गाडीवर आज वहिनीला दवाखान्यांत न्यावयाचें असतें, तर उद्यां काकूंना स्टेशनवर सोडावयाचें असतें. वर सांगितलेल्या ५०,०२९ जणांत १४,३३७ माणसें मागें बसलेलीं होतीं, हें ध्यानांत ठेवावें. म्हणून दुसरें हेल्मेट पहिल्याइतकेंच चांगलें असावें आणि तें बाहेर जातांना हातीं येईल अशा जागीं, दाराजवळ टांगावें. चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट कायद्यानेंच आवश्यक आहे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठीं चालकास बांधून ठेवणारा पट्टा व लहान हेल्मेट लागतें, आणि वेग ४० च्या वर नेतां येत नाहीं. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलांत आहे.

येथें साडी-गार्डविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. गाडी 'शोभत नाहीं' म्हणून तरुण मंडळी जी वस्तु सर्वांआधीं काढून ठेवतात, ती हीच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें मागें बसणाऱ्यास धरावयास मूठ, पाय ठेवावयास आधार आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झांकणारें आवरण हीं तिन्ही आवश्यक ठरविलीं आहेत. पदर, ओढणी किंवा धोतराचा सोगा चाकांत गुंतला तर काय होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको. ज्या घरांत साडी नेसणारी एकहि स्त्री आहे, त्या घरच्या गाडीचें साडी-गार्ड कोणीं काढूं नये. आणि काढलें असेल तर घरांतील स्त्रियांनीं त्या गाडीवर बसण्याचें साफ नाकारावें.

चार आणे निगेसाठीं. या गाड्यांस मधला स्टँड नसतो. त्यामुळें साखळी साफ करणें जिकिरीचें होतें व हळूहळू राहूनच जातें. मागचें चाक उचलून धरणारा 'पॅडॉक स्टँड' घेतला कीं ही अडचण मिटते. त्याच्या जोडीला साखळीचें तेल, मऊ ब्रश, टायरमधील हवा मोजण्याचें यंत्र आणि पंक्चर काढण्याचें साहित्य असावें. हवा टायर थंड असतांनाच मोजावी. साखळी मात्र इंजिन बंद ठेवून, चाक हातानें फिरवूनच साफ करावी. इंजिन चालू ठेवून फडकें धरण्याच्या खोडीनें बोटें जातात, आणि गेलेलें बोट कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं! गाडी कलंडली तर बाजूचें आवरण फुटूं नये म्हणून 'फ्रेम स्लायडर' नांवाचे टेकू मिळतात. आवरण न कापतां बसणारे असतील तरच ते घ्यावेत. पहिले हजार किलोमीटर इंजिन फार ताणूं नये. कंपनीची पुस्तिका कपाटांत न ठेवतां एकदां सबंध वाचावी. यासाठीं तर पैसाहि पडत नाहीं.

राहिलेला एक आणा हौसेचा. टांकीवर चिकटवावयाची गादी, आवडीचा पट्टा, मोबाइल धरणारी पकड, यांत गैर कांहीं नाहीं. मोबाइलची पकड कंप शोषून घेणारी असावी. जोरदार इंजिनाच्या कंपनांनीं फोनच्या कॅमेऱ्यास अपाय होऊं शकतो, असा इशारा ॲपल कंपनीनेंच २०२१ सालीं दिलेला आहे.

आतां ज्यांस एक पैहि देऊं नये अशा गोष्टी. त्यांत अग्रपूजेचा मान सायलेन्सरचा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी.एस. ६ गाड्यांत धूर शुद्ध करणारें पात्र सायलेन्सरच्या मार्गांतच बसविलेलें असतें, आणि इंजिनास किती इंधन द्यावें हें तेथील संवेदकावरून ठरतें. तें काढून पोकळ नळकांडें लावलें कीं आवाज वाढतो, विषारी धूर वाढतो. शक्ति मात्र वाढतेच असें नाहीं. आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडणारास पहिल्याच वेळीं दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते व परवाना तीन महिने रद्द राहतो. कायद्यापेक्षांहि मोठी गोष्ट शेजारधर्माची. ज्या गल्लींत कोणी आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, तेथें रात्रीं अकरा वाजतां असा गडगडाट करीत येणें ही सुसंस्कृत घरास शोभणारी हौस नव्हे.

दुसरी गोष्ट नेमून दिलेल्या मापाहून रुंद टायर. आर-१५ चा मागचा टायर १४०/७०, १७ इंची. याहून रुंद टायर त्याच रिमवर चढविला तर त्याचा आकार बिघडतो, वळणावर गाडी जड होते, आणि चाकाच्या वेगावरून चालणाऱ्या एबीएसची गणितेंहि चुकतात. तिसरी गोष्ट आरसे, नंबरप्लेट किंवा दिवे बदलणें. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणारा दिवा त्याच्याइतकाच आपल्यासहि घातक असतो. नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मना आहे. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या प्रत्येक फेरबदलास पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही ठेविलीं आहेत. शिवाय अशा बदलानें कंपनीची हमी धोक्यांत येते व विम्याच्या दाव्यास फांटे फुटतात, तें निराळेंच.

वडील मंडळींस शेवटीं एक विनंती. नुसता नकार देऊन मूल गाडीपासून परावृत्त होत नाहीं. तें फक्त आपणांस सांगेनासें होतें. त्यापेक्षां हेल्मेट निवडतांना काकांनीं स्वतः दुकानांत जावें, पट्टा ओढून पाहावा आणि जमल्यास त्याचे पैसेहि स्वतःच द्यावेत. तरुणांसहि एवढेंच सांगणें कीं, वडिलांनीं विचारलेला प्रत्येक प्रश्न अविश्वासाचा नसतो. दसऱ्याला आपण वाहनास झेंडूचा हार घालतों, हळदकुंकू वाहतों. यंदां गाडीशेजारीं दोन्ही हेल्मेटेंहि मांडावींत आणि पूजा झाल्यावर तींच आधीं डोक्यावर चढवावींत.